मेला, मेली, मेलं

६ फेब्रुवारी, मंगळवार

साबणाच्या एजंटाने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी इस्त्रीच्या टेबलाखाली पडून होती. आज बाहेर काढली, कारण एक गोष्ट कुणाशी तरी बोलायची आहे आणि घरात ती कुणाशीच बोलता येत नाही.

सासूबाई मला मेली म्हणतात.

लिहिल्यावर फारच वाईट दिसतं. त्या वाईट नाहीत. त्या सगळ्यांनाच म्हणतात. नळ मेला, इस्त्री मेली, तुटलेलं बटण मेलं. कॉलरवरचा शाईचा डाग मेला, आणि तो पाडणारा माणूसही मेला. स्वतःचा मुलगा तर जन्मापासून मेल्याच. "मेल्या, डबा राहिला तुझा." "मेल्या, डोकं नीट पूस, सर्दी होईल." आमच्या लाँड्रीत सकाळपासून इतके जण मरतात की विचारू नका, आणि दुकान बंद करायच्या वेळी सगळे ठणठणीत असतात.

ह्याला, म्हणजे नवऱ्याला, त्याचं काहीच वाटत नाही. "आई जेव्हा मेल्या म्हणते तेव्हा समजायचं, हवा चांगली आहे," असं तो म्हणतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत लोंबकळणाऱ्या माणसाला उठता-बसता मेल्या म्हणून हाक मारावी, हे मला बरं वाटत नाही.

माझ्या माहेरी आवाज चढवायची पद्धतच नव्हती. बाबा फार रागावले की चष्मा काढून ठेवायचे, बस्स. गेल्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की पोटात काहीतरी हलतं. सासूबाईंना ते कसं माहीत असणार? मी कधी बोललेच नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

आज माझी आई आली होती. बाबांनंतर पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडली. आमचं घर दुकानाच्या वर. जिना अरुंद, लाकडी. तिने खालच्या पायरीवर पाय ठेवला न ठेवला तोच वरून सासूबाईंचं स्वागत झालं, "ये गं मेली! किती वाळलीस! जेवतेस की नाही?"

आई कठडा धरून तिथेच थांबली. मग वर आली, हसली, सासूबाईंनी आग्रह करकरून वाढलं तेही जेवली. जाताना सासूबाईंनी तिच्या हातात बळेच एक डबा कोंबला, "परत द्यायला यायचं, मेली, पाठवून द्यायचा नाही." आई बरं म्हणाली. पण मला तिचा चेहरा कळतो.

ती गेल्यावर सासूबाई ताटं पुसत होत्या. मी मनाचा हिय्या केला.

"आई, एक बोलू? राग मानू नका."

"बोल की गं मेली."

"तेच. तो शब्द. बाबा गेल्यापासून मला तो ऐकवत नाही. माझ्या आईचा तर चेहराच उतरला. आणि रोज सकाळी हा घरातून निघतो तेव्हा तुम्ही त्याला तेच म्हणता. माझ्या काळजात धस्स होतं."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्यांनी ओल्या हातानेच माझा गाल धरला. "अगं, माझ्या लक्षातच नाही आलं. कशी गं मी अशी? इतके दिवस सांगायचं नाहीस होय?"

मग त्या तेच ताट पुन्हा पुसू लागल्या. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"त्यालासुद्धा नको म्हणू?" त्यांनी विचारलं.

"नकोच."

"बरं," म्हणाल्या. "नाही म्हणणार."

किती सोपं होतं! उगाच इतके महिने मनात ठेवलं. आज फार हलकं वाटतंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

हसून हसून पुरेवाट झाली. सकाळी सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाळा, डबा घेतलास का?"

हा दोन पायऱ्या उतरून परत वर आला. "कोणाचं बाळ? कोण आलंय?"

"तुलाच म्हणतेय."

"बरी आहेस ना आई?" त्याने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दिवसभर त्यांची कसरत चालली होती. इस्त्रीची वायर पायात आली. "ही मे… मे…" आणि मग एकदम, "मेहेरबानी करून ही वायर कुणीतरी उचला." दुकानात आम्ही दोघीच होतो. मी उचलली.

शब्द पाळतात पण. माझ्यासाठी एवढं कोण करतं?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

हा कामावर पडला. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने चढत होता, तीच लिफ्ट दुरुस्त करायला. जिन्यातच कोसळला. हॉस्पिटलात आहे. शुद्धीवर आहे, बोलतोय.

आणखी लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हृदयाची झडप. तिला तीन पाकळ्या असायला हव्यात, ह्याच्या झडपेला जन्मापासून दोनच. इतकी वर्षं दोन पाकळ्यांनी तीन पाकळ्यांचं काम रेटलं, आता त्या कडक झाल्या आहेत. उघडत नाहीत धड. ऑपरेशन करून नवी झडप बसवावी लागेल.

डॉक्टर बाई समजुतीने बोलतात. कागदावर चित्र काढून दाखवलं. हा म्हणाला, "म्हणजे दाराचाच बिघाड की. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टची दारं नीट करतोय आणि माझंच दार अडकलंय." डॉक्टर बाई हसल्या. मीही हसले आणि बाहेर जाऊन रडले.

डॉक्टर बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, लहानपणी कुणी दगावलं होतं का. हा म्हणाला, "नाही हो, मी एकुलता एक." मीही नाही म्हटलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ती खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, तिथे बघण्यासारखं काहीच नाही.

त्या वॉर्डात आल्या की खाटेच्या पायथ्याशी बसतात आणि चादरीत हात घालून त्याच्या पायाचा अंगठा धरून ठेवतात. 

२० फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाई माझ्यावर रागावल्या आहेत. आता खात्रीच झाली.

दुकान अर्धा दिवस उघडतो, लोकांचे कपडे अडकून राहतात. उरलेला दिवस हॉस्पिटल. सकाळी दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहून इस्त्री करतो आणि त्या माझ्याशी इतक्या गोड बोलतात की भीती वाटते. "जेवलीस का गं?" "दमली असशील, बस जरा." अशा आवाजात, जसं बँकेतली बाई बोलते. पूर्वी जेवले नाही तर ताट आपटून म्हणायच्या, "मेली, उपाशी राहून कुणावर उपकार करतेस?"

आज ऐन गर्दीच्या वेळी बॉयलरने वाफ सोडायचं बंद केलं. एरवी त्या बॉयलरच्या सात पिढ्यांची मयत निघाली असती. आज सासूबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे. थकला असेल."

नंतर इस्त्रीचा चटका बसला, बोटाला टरटरून फोड आला, तरी तोंडातून अक्षर नाही.

मी जे मागितलं तेच मला मिळालं आहे. आणि घर खायला उठतंय. त्यांच्या मनात असेल, ही आली आणि हिने माझं तोंड बंद केलं, आणि पाठोपाठ हे असं झालं. तोंडाने बोलत नाहीत एवढंच.

हाही विचारत होता, "आईला काय झालंय? मी अजून आहे म्हणावं."

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दर शुक्रवारी मास्तर शर्ट न्यायला येतात. शाळेत भाषा शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कडक इस्त्रीचा पांढरा शर्टच घालतात. सासूबाई हॉस्पिटलात होत्या, मी एकटीच होते.

"काय गं, सलग दोन शुक्रवार मला इथे कुणी मेला म्हटलं नाही," ते म्हणाले. "घरी तर मी एकटाच. वर्षानुवर्षं मी शर्ट इथे टाकतो, ते काही नुसत्या इस्त्रीसाठी नाही."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ह्याचं आजारपण, आणि मी तो शब्द कसा बंद करायला लावला तेही. मास्तर बाकावर बसले. मला वाटलं, मला बोलतील. पण त्यांनी शिकवायलाच सुरुवात केली. जन्माची सवय.

"मरणे, त्याचा भूतकाळ मेला. त्याचंच पुढे विशेषण झालं. तिन्ही लिंगांत चालतं, मेला, मेली, मेलं. हाक मारायची तर मेल्या. मुळात हा शापच असणार, दुसरं काय? कुणीतरी कुणाला तरी जीव तोडून म्हटलं असेल, मर. पण कधी, कुणी, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. वापरून वापरून धार गेली. सुरीचा चमचा झाला. आता त्याने कुणी कापत नाही, भरवतात."

"पण अर्थ तर तोच ना, मास्तर? मेलेला."

"थांब. तुझ्या वडिलांबद्दल तू काय म्हणतेस?"

"बाबा गेले, असं म्हणते."

"बघ. गेले. वारले. कुणी म्हणेल, सोडून गेले. जो खरोखर गेला त्याला आपल्या माणसांत 'मेला' म्हणायला जीभ रेटत नाही. गेलेल्या माणसाला तुझी सासू कधी मेल्या म्हणाली आहे का? आठवून बघ."

मी आठवून बघितलं. सासऱ्यांचा फोटो दुकानात लावलेला आहे. त्या रोज तो पुसतात. सगळ्या दुकानात तेवढ्या एकाच वस्तूला त्या कधी मेला म्हणत नाहीत. त्यांच्याबद्दल म्हणतात, "हे असते तर."

"तो शब्द फक्त जिवंत माणसाला लागतो," मास्तर म्हणाले. "समोरचा ऐकून चिडणार, हसणार, उलट बोलणार, अशी खात्री असल्याशिवाय तो म्हणता येत नाही."

जाताना त्यांनी शर्टांचं पाकीट हातात घेतलं आणि दारात जरा रेंगाळले. मला कळलं ते कशाची वाट बघतायत. पण माझ्या तोंडून निघेना.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

चादरींचा ढीग होता. चादर एकटीला नीट घडी करता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि तिची टोकं आपल्या हातात घ्यायची. अशा एका भेटीत मी विचारून टाकलं.

"आई, तुम्ही माझ्यावर रागावलात ना?"

"तुझ्यावर? कशाला गं?"

"मी तो शब्द बंद करायला सांगितला. आणि लगेच हे झालं."

त्यांनी टोकं माझ्या हातात दिली. दुसरी चादर उचलली. ती झटकली. जवळ आल्यावर म्हणाल्या, "ह्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती."

मी टोकं तशीच धरून उभी राहिले. मला हे माहीत नव्हतं. ह्यालाही माहीत नाही.

"इतकी देखणी! मी तिला राणी म्हणायची, सोनुली म्हणायची, माझा जीव म्हणायची. दूध पिताना तिचे ओठ निळे व्हायचे. आम्हाला वाटायचं, गारठ्याने. दुपटी वाढवायचो. वर्षाचीसुद्धा नव्हती."

त्या मागे सरकल्या. चादर ताणली. इतकी जोरात की माझ्या हातातून सुटली. मी उचलली.

"मग हा झाला. तेव्हा शेजारी एक म्हातारी राहायची, ती म्हणाली, ह्याचे तोंडाने लाड करू नकोस. मेला म्हण. येणारा येईल, दाराबाहेर उभा राहून ऐकेल, म्हणेल, इथलं काम झालेलंच दिसतंय, आणि पुढे जाईल. मला काही पटलं असं नाही गं. पण म्हटलं, म्हणायला काय जातंय? आणि हा राहिला. मग सवय लागली. ज्याच्या-ज्याच्यात जीव अडकला त्याला म्हणत गेले. बॉयलर बंद पडला तर आपण जेवणार काय, म्हणून बॉयलरला. तू घरात आलीस त्या दिवशी तुला."

"माझ्या आईलासुद्धा?"

"अगं, ती एकटी पडली बिचारी. तिला सांभाळायला नको का कुणी?"

मला रडू आवरेना. चादर चुरगळली. त्यांनीच ती माझ्या हातातून काढून घेतली.

"म्हणजे माझ्यामुळेच—"

"काही तुझ्यामुळे नाही. दोन पाकळ्या घेऊन जन्मलाय तो, माझ्या पोटातून. डॉक्टरीण सांगत होती तेव्हा मी तिथेच होते ना."

"मग आता म्हणा ना, आई. मी सोडवते तुम्हाला शब्दातून. आजच चला, वॉर्डात जाऊन म्हणा."

त्यांनी मान हलवली. "तिथे कशी म्हणू? तिथे तो येणारा दाराबाहेर नसतो गं. आतच फिरत असतो. परवा दोन खाटा सोडून आला होता. ज्याला फसवायचं त्याच्याच तोंडावर कसं खोटं बोलू? आणि चुकून खरं वाटलं तर त्याला?"

मी त्यांना मास्तरांचं बोलणं सांगितलं. तो शब्द जिवंत माणसालाच लागतो, ते. त्यांनी नीट ऐकलं. "असं म्हणाले?" मग बराच वेळ घडीवरून हात फिरवत राहिल्या. ती घडी आधीच सरळ होती.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आईंनी डॉक्टर बाईंना मुलीबद्दल सांगितलं. मी हात धरला होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, सांगितलंत ते फार बरं केलंत, आम्ही त्या दृष्टीनेही सगळं तपासून घेतो. मग हळूच म्हणाल्या, त्या काळी तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं.

ह्याला मी सांगितलं. त्याने आईंना जवळ बोलावलं. मग विचारलं, "तिचं नाव काय होतं?" आईंनी त्याच्या कानात सांगितलं. मी विचारलं नाही. ते त्यांच्या दोघांचं आहे.

१ मार्च, शुक्रवार

सकाळी ऑपरेशनला नेलं. आत्ता बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. काहीतरी हाताला काम हवं.

त्याला निळी टोपी घातली होती. फार बावळट दिसत होता. आईंनी त्याची चादर सारखी केली, पुन्हा सारखी केली. हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री किती वाईट असते हे त्यांनी एरवी सगळ्यांना ऐकवलं असतं.

"काही म्हणणार नाहीस आई?" ह्याने विचारलं.

"नीट जा," आई म्हणाल्या. "नीट ये, बाळा."

"एवढं गोड नको ना बोलू. मला भीती वाटते."

तो हसत म्हणाला. आईंचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्या खरंच आजूबाजूला बघत होत्या, कुणी ऐकतंय का.

सिस्टर म्हणाल्या, चला, वेळ झाली. खाटेची चाकं सुटली. आणि माझ्या तोंडून निघालं, "मेल्या!"

इतकं वाईट निघालं! शाळेत धडा वाचून दाखवल्यासारखं. सिस्टर थांबल्याच. "अहो, काय हे? आत्ता असं बोलतात का?"

हा हसायला लागला. छातीला लावलेल्या तारा हलल्या, यंत्र टीं टीं करायला लागलं, सिस्टर म्हणाल्या हसू नका, तो आणखी हसला.

"असं नाही गं," आई माझ्या कानाशी म्हणाल्या. "'मे' ओढायचा. जरा चिडून. वैताग पाहिजे त्यात."

"तुम्हीच म्हणून दाखवा ना."

"तू म्हण. जमेल तुला."

मी पुन्हा म्हटलं. ओढून. चिडून. चिडणं काही अवघड नव्हतं, मला खरंच राग आला होता, त्याचा, झडपेचा, त्या दाराचा. "मेऽऽल्या, लवकर ये!"

"आता आलं," हा म्हणाला. दार बंद झालं.

तेव्हापासून आई माझ्या शेजारी बसल्या आहेत. माझ्या पदराचं टोक त्यांच्या मुठीत आहे. त्यांच्या लक्षात नसावं.

२ मार्च, शनिवार

नवी झडप बसली. नीट चालतेय.

तोंडातली नळी सकाळी काढली. बोलायला जमत नाही अजून, पण मला ओळखलं. काचेपलीकडून आईंना बघून पायाचा अंगठा हलवला.

१० मार्च, रविवार

घरी आणलं. जिना चढवताना दर पायरीवर आई मागे हात पसरून उभ्या, जणू काही एवढा उंच माणूस पडला तर त्या झेलणारच होत्या. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची आहे. काही म्हणजे काही उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही, छातीचं हाड जुळेपर्यंत. डॉक्टर बाईंनी तीनतीनदा बजावलंय.

माहेरची आई डबा परत द्यायला आली होती. सासूबाई, म्हणजे आई, तिला म्हणाल्या, "या, बसा." माहेरच्या आईने माझ्याकडे चमकून बघितलं. नंतर मोरीशी मला विचारलं, "माझं काही चुकलं का गं? पूर्वी किती मोकळेपणाने बोलायच्या."

मी तिला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत हसली. म्हणाली, "मला मेली म्हणणारं दुसरं कोण उरलंय?"

१३ मार्च, बुधवार

नळ गळत होता. आईंनी आवळला, पाणी त्यांच्याच तोंडावर उडालं. आणि स्पष्ट ऐकू आलं, "मेला नळ!"

मी इस्त्री तशीच उभी केली आणि ऐकत राहिले. वर ह्यालाही ऐकू गेलं असणार, कारण वरून टाळ्या आल्या. मग आई जिन्याखाली जाऊन ओरडल्या, "टाळ्या कसल्या वाजवतोस? छातीला हिसका बसेल!" पण पुढे काही नाही. वाक्य तिथेच संपलं.

१५ मार्च, शुक्रवार

मास्तर आले. आईंनी पाकीट त्यांच्यापुढे आपटलं. "मेली कॉलर बघा कशी मळवून आणता! मान धूत नाही का?" मास्तरांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, बक्षीस घेतात तसं.

दुपारी मला मिळाली. साधीच. "हॅंगर दे गं मेली." मी हॅंगर दिला. पोटात काही हललं नाही. उलट भूक लागली.

१९ मार्च, मंगळवार

हा रुसलाय. खरंच रुसलाय, लहान मुलासारखा.

"नळाला म्हणते. मास्तरांना म्हणते. तुला तर दिवसभर म्हणते. खिडकीत बसणाऱ्या कबुतरालासुद्धा म्हणाली. मला बाळा."

मी म्हटलं, धीर धर, त्यांना अजून भीती वाटत असेल.

"मग मी बरा झालो हे तिला कळणार कधी?"

मी म्हटलं, तुला पूर्ण बरं वाटेल तेव्हा म्हणतील. त्याने काही उत्तर दिलं नाही. पण तो गप्प बसला की त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे मला एव्हाना कळायला हवं. बहुतेक लिफ्टबद्दल विचार करत असेल. कामावर कधी जाता येईल म्हणून.

२३ मार्च, शनिवार

आज मला ह्याचा इतका राग आला!

पहिल्यांदाच जिना उतरून दुकानात आला. खुर्ची दिली तर बसेना. इकडे-तिकडे फिरला, बॉयलरला टिचक्या मारल्या. आई काउंटरशी पावती फाडत होत्या. त्यांच्याकडे दोनदा बघितलं. त्या मान वर करेपर्यंत थांबला. आणि मग कोपऱ्यातलं ते भलं मोठं गाठोडं चक्क दोन्ही हातांनी उचललं!

"मेल्या!" आई अशा ओरडल्या की समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. "मेल्या, ठेव ते खाली! टाके तुटतील मेल्या! तुला काही कळतं की नाही?"

आणि ह्याने ठेवलं नाही. डॉक्टरांनी इतकं बजावून हा असं कसं विसरू शकतो, मला खरंच समजत नाही. गाठोडं छातीशी धरून तसाच उभा राहिला, तोंडभर हसत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आई पावत्या टाकून धावल्या, ते गाठोडं त्याच्याकडून ओढून घेतलं. ओढून घेतलं आणि त्यांच्याच हातात ते एकदम वर उडालं. आत नुसते उशांचे अभ्रे होते. वजन काहीच नाही.

आई अभ्र्यांकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडे. मग त्यांनी ते गाठोडं त्याच्या पाठीत घातलं, हळूच, आणि पुन्हा म्हणाल्या. या वेळी ओरडून नाही.

मी बघतच राहिले आणि इस्त्री उचलायची राहून गेली. गिऱ्हाइकाच्या शर्टावर तपकिरी डाग. धूर आला तेव्हा आई वळल्या.

"आणि तू गं मेली? तुझं लक्ष कुठंय?"